पुण्याहून फिरणारा रिठदचा भोवरा

मित्रांनो, मी एक जुना रोटेटर आहे. माझं नाव तुम्ही ऐकलं नसेल तर वाईट वाटून घेऊ नका. मी ज्या रिठद गावात राहतो तिथंही ते कोणाला धड येत नाही. मला पहिल्यांदा माडीवर चढवलं तेव्हा निम्मी गल्ली बघायला आली होती. मोटर आहे असं कळल्यावर प्रत्येकानं एकच विचारलं, "पाणी किती फेकते?" पाणी फेकत नाही, नुसती फिरते, असं कळल्यावर लोक निराश होऊन घरी गेले.

माझं काम सांगतो. काही माणसं सरकारी परीक्षा देतात, परवाना घेतात आणि हौस म्हणून घरातल्या बिनतारी यंत्रावरून दूरदूरच्या माणसांशी बोलतात. याला हॅम रेडिओ म्हणतात. त्यासाठी छपरावर अँटेना लागतो. तो आडव्या नळ्यांचा, माशाच्या काट्यासारखा असतो. ज्याच्याशी बोलायचं त्याच्या दिशेला अँटेनाचं तोंड हवं. ते तोंड फिरवतो तो मी. माझ्या खालचा खांब जागचा हलत नाही. माझ्या डोक्यावरचा खांब मात्र अँटेनाला घेऊन माझ्याबरोबर फिरतो. हे नीट लक्षात ठेवा, कारण एका शहाण्या माणसानं ते ठेवलं नाही.

माझा जन्म मोठ्या कारखान्यात झाला. पोटात दातेरी चाकं बसवली, वंगण भरलं, झाकण लावलं. काही वर्षं नागपूरला एका हौशी माणसाकडे काढली. त्याच्याकडून मला जगदेवरावांनी विकत घेतलं. ते पोलिसांच्या वायरलेसमधून निवृत्त झाले होते. एसटीत मला मांडीवर घेऊन ते गावी आले. त्या धक्क्यांत माझ्या डब्यावरचा दिशा दाखवणारा काटा मोडला. डबा म्हणजे घरात ठेवायची बटणांची पेटी. बटण दाबलं की मी फिरायचो, पण तोंड कुठं आहे हे आत बसलेल्या माणसाला कळायचं नाही.

मग रुख्मिणीबाई, म्हणजे जगदेवरावांच्या पत्नी, अंगणात उभ्या राहून सांगू लागल्या. त्यांना अंश-बिंश माहीत नव्हते. त्यांच्या दिशांना गावांची नावं होती.

"आवो, केनवडकडं गेला. थांबवा! लय झालं, थोडा मागं घ्या."

केनवडकडे तोंड केलं की इंदूरचे गोविंदसिंग सापडायचे. ते जगदेवरावांचे रेडिओवरचे जुने दोस्त. अनसिंग हे रुख्मिणीबाईंचं माहेर. बोलणं संपलं की त्या हटकून म्हणायच्या, "आता जरा अनसिंगकडं फिरवा. माह्या भावाचा आवाज येते काय पाहा."

"तुह्या भावाजवळ रेडिओ कुठं हाय?"

"नसू द्या. फिरवाले काय पैसे पडते?"

आणि जगदेवराव फिरवायचे. मला रुख्मिणीबाईंनीच भोवरा हे नाव दिलं. नाव चुकीचं आहे, कारण भोवरा गरगर फिरतो. मी एक फेरा घेतो आणि आल्या वाटेनं परत येतो, नाहीतर माझी वायर खांबाला गुंडाळून तुटेल. पण रुख्मिणीबाईंपुढे कोणाचं चाललं होतं?

मागच्या पावसाळ्यात त्या आजारी पडल्या आणि गेल्या. जगदेवरावांनी रेडिओवर कापड टाकलं. त्यानंतर मला कोणी फिरवलं नाही. मी एकाच दिशेला तोंड करून गंजत राहिलो. चिमण्यांनी माझ्यावर बसून जे करायचं ते केलं.

पुढं जगदेवरावांना दिसेनासं झालं. दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू होता. एकाचं ऑपरेशन, मग दुसऱ्याचं, आणि दोन्ही पुण्याला. त्यांची मुलगी ज्योत्स्ना तिकडं संगणकाच्या नोकरीत आहे. ती न्यायला आली. जगदेवराव उंबरठ्यावर बसून राहिले.

"मी नाही येत. भोवरा कोण फिरवंल?"

मित्रांनो, ही सरळ सरळ थाप होती. पावसाळ्यापासून मी तसूभर हललो नव्हतो. पण मी काय बोलणार?

ज्योत्स्ना आपल्या आईवर गेली आहे. तिनं वाद घातला नाही. रिसोडहून पवनला बोलावलं. त्याचं कॅमेरे बसवायचं दुकान आहे. दोघांनी मिळून माझा डबा आणि रेडिओ एका छोट्या संगणकाला जोडले आणि संगणक इंटरनेटला.

"हे घ्या बाबा. पुण्यात बसून मोबाइलवरच्या या गोलाला बोट लावायचं, की इकडे भोवरा फिरंल. बोलायचं असंल तं रेडिओबी तिथूनच चालंल."

"फिरला की नाही, मले कसं समजंल? तुही माय तं नाही आता सांगाले."

"त्यासाठी वर कॅमेरा लावला आहे."

जगदेवरावांची सगळी कारणं संपली. जाता जाता त्यांनी एक अट घातली. "ज्या दिवशी भोवरा बंद पडंल, त्या दिवशी मी गावच्या गाडीत बसीन. मंग डोळा एक झालेला असो का अर्धा." लाइट गेली तर ते धरायचं नाही, एवढी सूट ज्योत्स्नानं मिळवली. अशा रीतीनं त्यांच्या डोळ्यांचा भार माझ्या गंजलेल्या पोटावर येऊन पडला. शेजारच्या हिरीबाईकडे किल्ली दिली आणि बाप-लेक गेले.

दुसऱ्याच दिवशी घोटाळा झाला. तिकडं काय झालं ते जगदेवरावांनी मला नंतर तेल घालता घालता सांगितलं. त्यांनी मोबाइल नाकाला लावून गोलाला बोट टेकवलं. इकडे मी जीव खाऊन फिरलो. तिकडे ते ओरडले, "ज्योत्स्ना, हा हालूनच नाही राह्यला!"

"नीट पाहा बाबा."

"पाहून राह्यलो ना! अँटेना जागच्या जागी हाय. गाव फिरून राह्यलं!"

खरंच तसं दिसत होतं. पवननं कॅमेरा खालच्या खांबाला बांधायचा सोडून माझ्या डोक्यावरच्या खांबाला बांधला होता. मी फिरलो की कॅमेराही फिरे. त्यामुळे अँटेना कायम समोर स्थिर, आणि मागे मारुतीचं देऊळ, पाण्याची टाकी, म्हशी अशी सगळी मिरवणूक चाललेली. जगदेवरावांनी पिशवी भरायला घेतली. ज्योत्स्नानं घाईघाईनं हिरीबाईला फोन लावला.

हिरीबाई अंगणात आली आणि फोनची गरज नसावी एवढ्या मोठ्यानं बोलली, "कोण म्हणते फिरत नाही? माह्यं लुगडं घेऊन फिरून राह्यला ना मेला!"

तिनं गच्चीवर वाळत टाकलेलं लुगडं वाऱ्यानं उडून अँटेनात अडकलं होतं आणि मी ते सगळ्या गावाला दाखवत होतो. तेवढ्यात पडद्यावर हिरवा पदर फडफडला आणि जगदेवरावांची खात्री पटली. पिशवी रिकामी झाली.

पवन धावत आला. "काका, चूक झाली. पाच मिनिटांत खाली बांधतो."

"राहू दे," जगदेवराव फोनवर म्हणाले.

"काहून? उलटं दिसते ना!"

"राहू दे म्हटलं ना."

पवनला कारण कळलं नाही. मलाही नाही. पण त्या दिवसापासून मी रोज फिरू लागलो. पहिला डोळा झाला, पट्टी निघाली, तरी रोज सकाळी बोट गोलावर यायचं आणि मी एका ठरावीक जागी थांबायचो. ती दिशा ना केनवडची, ना अनसिंगची. तिकडे बोलायला कोणीच नव्हतं. रेडिओवरचं कापडही निघालं नव्हतं. तिकडे फक्त आमचं अंगण आणि हिरीबाईच्या बाजूची भिंत होती.

गावाला मात्र मजा आली. जगदेवराव पुण्यातून सगळं पाहतात ही बातमी पसरली. लोक वर बघून रामराम घालू लागले. आमच्या मागच्या भिंतीच्या आडोशाला उभं राहणं एकूण एक माणसानं बंद केलं. ग्रामपंचायतीच्या पाटीनं जे झालं नव्हतं ते माझ्या एका फेऱ्यानं झालं. हरवलेली शेळी शोधायला खुद्द हिरीबाईनं फोन केला, "भाऊ, जरा टाकीकडं फिरवून पाहा ना." शेळी सापडली. त्या दिवशी तिनं मला मेला म्हटलं नाही.

पण रोज सकाळी ती भिंतीपाशी मंजन घासायला यायची आणि रोज कॅमेरा बरोबर तिच्यासमोर येऊन थांबायचा. तिनं जागा बदलून पाहिली, पाठ फिरवून पाहिली. शेवटी एक दिवस ती तणतणत जिना चढली. मला केनवडकडे तोंड करून सोडलेलं होतं. तिनं अँटेनाचं टोक माडीवरच्या टाकीच्या नळाला दोरीनं करकचून बांधलं आणि निघून गेली.

दुसऱ्या डोळ्याचं ऑपरेशन दोन दिवसांवर आलं होतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी बोट गोलावर आलं. मी जोर लावला. पोटातले दाते करकरले, अंग तापलं, पण दोरी सुटेना. जगदेवरावांचं एकच वाक्य झालं, "आता तं गावबी फिरून नाही राह्यलं." आणि पिशवी पुन्हा बाहेर आली. ज्योत्स्नानं हात जोडले, पण अट म्हणजे अट.

तिनं पुन्हा हिरीबाईला फोन लावला. हिरीबाई फोन हातात धरून वर आली, म्हणून पुढचं सगळं मी माझ्या कानांनी ऐकलं.

"काकू, काय झालं पाहा ना. बाबा निघाले घरी. उद्या ऑपरेशन आहे."

हिरीबाईनं दोरीला हात लावून पाहिला. मग म्हणाली, "बिघडला नाही तो. मीच बांधला."

"काहून?" हा आवाज जगदेवरावांचा होता.

"तुमी रोज माह्याकडं काहून पाह्यता, भाऊ? मी तोंडात मंजन घेऊन उभी, आन् तुमी पुण्यातून टकामका! लोक हसून राह्यले मले."

मग जगदेवराव म्हणाले, "तुह्याकडं नाही पाहत, हिरीबाई. तुह्या बाजूच्या भिंतीवर तोंडल्याचा वेल हाय ना, ज्योत्स्नाच्या मायनं लावलेला. तो सुकून राह्यला. पहिले अंदाजानं पाहत होतो. डोळा झाला तसं साफ दिसलं."

मित्रांनो, तोंडल्याची भाजी जगदेवरावांना मुळीच आवडत नाही. रुख्मिणीबाई ती वाढायच्या तेव्हा ते ताटावरून उठायच्या गोष्टी करायचे. हिरीबाईनं ते भिंतीपलीकडून जन्मभर ऐकलं होतं.

तिनं खाली बघितलं. उन्हानं वेलाच्या दोऱ्या झाल्या होत्या. "आधी सांगता नाही येत होतं काय?" ती पुटपुटली. गाठ बोटांनी सुटेना तेव्हा तिनं दातांनी सोडवली. मी सुटलो. जगदेवरावांनी मला हळूच वेलाकडे वळवलं. तोवर हिरीबाई खाली पोचली होती. तिनं बादली भरून आणली, वेलाच्या बुडाशी ओतली आणि कॅमेऱ्याकडे वर बघून म्हणाली, "दिसलं? आता मुकाट्यानं जा दवाखान्यात."

जगदेवराव गेले. त्यानंतर रोज सकाळी मी वेलाकडे वळायचो आणि हिरीबाई बादली घेऊन हजर असायची. मंजन मात्र ती घरात घासू लागली.

उन्हाळा सरायच्या आत जगदेवराव दोन्ही डोळे घेऊन परत आले. तोवर वेल भिंतीवर चढला होता. हिरीबाईनं तोंडल्याची भाजी आणून दिली. त्यांनी एका शब्दानं नाव न ठेवता ती संपवली, हे बघून तीच घाबरली. मग ते तेलाची कुपी घेऊन वर आले. मला जवळून बघून म्हणाले, "केवढा गंजला रे तू!" कॅमेरा खाली बांधायला त्यांनी पवनला बोलावलं, कारण वेल बघायला आता फिरता कॅमेरा नको होता, तो अंगणातूनच दिसत होता.

त्या संध्याकाळी रेडिओवरचं कापड निघालं. मी फिरू लागलो. डब्यावरचा काटा मोडलेलाच होता. मोबाइलवर सगळं दिसत होतं, पण जगदेवरावांनी मोबाइल खिशातून काढला नाही. ते खिडकीशी थांबले. थोड्या वेळानं अंगणातून आवाज आला, "भाऊ, केनवडकडं गेला! थांबवा!"

गोविंदसिंग सापडले. दोघं खूप बोलले. बोलणं संपल्यावर जगदेवरावांनी मला पुन्हा वळवलं.

"आता कुठं?" हिरीबाईनं विचारलं.

"अनसिंगकडं."

"तिकडं कोणाजवळ रेडिओ हाय?"

"नसू दे. फिरवाले काय पैसे पडते?"

मित्रांनो, माझ्यासारख्या यंत्राला फार काही लागत नाही. थोडं तेल घाला, अधूनमधून फिरवा, आणि आल्या वाटेनं परत आणा. शेजारच्या घराला कुलूप असेल तर तिथल्या झाडाला बादलीभर पाणी घाला. आणि कोणी रोज एकाच दिशेला तोंड करून बसलेलं दिसलं, तर त्याला दोरीनं बांधण्याआधी तो काय पाहतो आहे ते एकदा विचारा.