वरून खाली, खालून वर

सासूबाईंच्या लायब्ररीवर सोमवारी गदा येणार होती आणि हे त्यांना सांगायचं कोणी, तर सुनेनं. दुसरं होतं कोण! लायब्ररी म्हणजे पुस्तकांची नव्हे बरं का. इतर प्रोग्रामरांना आयता वापरता यावा म्हणून सासूबाईंनी नोकरीत असताना एकहाती लिहिलेला कोड. मोठ्या सूत्रातला एखादा तुकडा काढून नियमाप्रमाणे दुसरा बसवायचा, हे या लायब्ररीचं काम. सुरुवात वरून, म्हणजे अख्ख्या सूत्रापासून करायची, की खालून, म्हणजे त्यातल्या सगळ्यात लहान तुकड्यांपासून, ते वापरणाऱ्यानं सांगायचं. सुनेच्या ऑफिसात ती वापरायला घेतली आणि प्रोग्राम जो अडकला तो अडकलाच. भिकार माल आहे, सोमवारी काढून टाका, असं साहेबांनी फर्मावलं.

सुनेनं जेवताना धीर करून विषय काढला. सासूबाईंचा पारा चढायचा तो चढलाच. नियम कोणता दिला होता, त्यांनी विचारलं. प्रत्येक आकड्याच्या जागी तोच आकडा अधिक शून्य लिही, वरून खाली, असं सुनेनं सांगितलं.

"मग थांबेल कशी ती? पाचाचं पाच अधिक शून्य केलं, की खाली उतरताना तिला पुन्हा पाच दिसणार, शून्यही दिसणार. त्यांचंही तेच करत बसणार. खालून वर सांगायचं होतं, म्हणजे ती नव्या तुकड्यात पुन्हा शिरत नाही. शेंबड्या पोरालाही कळेल."

"पण आई, हे तुम्ही लिहिलंय कुठे?"

लिहिलंय कुठे म्हणजे काय! सासूबाई ताडकन उठल्या, हात धुतले, चष्मा लावला आणि लॅपटॉप उघडून स्वतःचं डॉक्युमेंटेशन, म्हणजे वापरणाऱ्यांसाठी लिहिलेली माहिती, पहिल्यापासून वाचायला बसल्या. 'नियम सगळीकडे लावते,' एवढंच होतं. त्यापुढे अवाक्षर नाही. त्यांचा चेहरा पार उतरला. आपल्याला बोट धरून या कामात आणणाऱ्या बाईला असं ओशाळलेलं सुनेला बघवेना. तिनं आपली खुर्ची त्यांच्याशेजारी ओढली.

शनिवार-रविवार दोघी जागच्या हलल्या नाहीत. सून मुद्दाम ढ होऊन काहीबाही विचारायची, सासूबाई करवादायच्या आणि मग निमूट उत्तर लिहायच्या. प्रत्येक नियमाला उदाहरण आलं, कुठे थांबेल आणि कुठे थांबणार नाही, तेही आलं. सुनेच्या नवऱ्यानं दोन्ही दिवस तोंडातून ब्र न काढता स्वयंपाक केला.

सोमवारी साहेबांनी नवं पान वाचलं, 'हात्तिच्या' म्हणाले आणि वरून खालीच्या जागी खालून वर केलं. प्रोग्राम सुरळीत संपला. लायब्ररी राहिली. सुनेनं जिन्यात जाऊन घरी फोन लावला आणि एका दमात सगळं सांगून टाकलं.

"किती जणांनी घेतली आणि सोडून दिली," सासूबाई म्हणाल्या. "मला इतकी वर्षं वाटायचं, मलाच काही धड जमलं नाही."

"कोड तर धडच होता, आई," सून म्हणाली.

"आज लवकर घरी ये," त्या म्हणाल्या. "अजून बरंच काही नुसतं माझ्या डोक्यातच आहे."