पाठमोरी

सिग्नेनं फोनवर "आई, मी आपल्या गावात सिनेमा करतेय, घर आपलंच लागेल," एवढं म्हटलं, आणि पुढचं ऐकायच्या आत मार्लिस "या की!" म्हणून मोकळी झाली. किती माणसं, किती दिवस, काही विचारलं नाही. मुलगी येणार आणि नाताळसारखी दोन दिवसांत पळणार नाही, एवढंच तिच्या कानांनी धरून ठेवलं.

मार्लिस सॉर्लीनं उभी हयात हॅल्स्टेनमधल्या दाताच्या दवाखान्यात टेबलामागे बसून लोकांना "जरा थांबा हं" म्हणण्यात घालवली होती. आता निवृत्त झाल्यावर तिला थांब म्हणणारंही कुणी उरलं नव्हतं. नवरा रोअल्ड सिग्ने सोळा वर्षांची असताना निघून गेला होता, गरम पाण्याचे टब विकणाऱ्या एका बाईबरोबर. मिनेसोटाच्या थंडीत असले टब बरे खपतात.

ऑक्टोबरात सिनेमावाले आले. डेझमंड नावाचा कानात डूल घातलेला पोरगा घरभर फिरला आणि म्हणाला, "बाई, सोफा फार नवा दिसतो."

"नवाच आहे तो."

"तेच तर ना!"

संध्याकाळी तो चर्चच्या जुन्या वस्तूंच्या दुकानातून हवा तसा सोफा घेऊन आला. मार्लिसनं तो लगेच ओळखला. तिनंच तो दान केला होता. मग स्वयंपाकघराला पूर्वीचा पिवळा रंग लागला. रोअल्ड गेल्यावरच्या वसंतात तिनं एकटीनं शिडी लावून तो पांढरा केला होता. आता पहाटे कॉफी टाकायला गेलं की क्षणभर तिला वाटायचं, रोअल्ड न्हाणीघरात आहे, आत्ता टॉवेल मागेल.

निजायची खोली दिव्यांनी आणि वायरींनी भरली, तेव्हा मार्लिस तळघरात कपडे धुण्याच्या यंत्राशेजारी खाट टाकून निजू लागली. त्याचं तिला काही नव्हतं. उलट डोक्यावर पावलं वाजत राहिली की झोप छान लागायची. खिमा-बटाट्याचे मोठमोठे थाळे भाजायचे, पीनट बटरच्या वड्या थापायच्या, पंधरावीस जणांनी "बाई, अजून आहे का?" म्हणत दारात उभं राहायचं. इतकी वर्षं एका माणसाचं रांधून तिच्या हाताला मापच उरलं नव्हतं, ते परत आलं.

सिग्ने मात्र काही हाती लागत नव्हती. दिवसभर कॅमेऱ्याच्या छोट्या पडद्याला डोळे लावून बसायची. मार्लिस कॉफी घेऊन जवळ गेली की न बघता म्हणायची, "आई, सरक ना, मध्ये येतेयस."

तिच्याजवळ बसायची ती पॉलीन. मिनियापोलिसच्या रंगभूमीवरची नटी, सिनेमातली आई. ती मार्लिसच्या मागे मागे फिरून तिची चाल बघायची, बोलणं ऐकायची. एके दिवशी मार्लिस जिन्यात असताना वरून तिला आपलाच आवाज ऐकू आला, "बरं तर मग, चला!" आणि पाठोपाठ सगळ्यांचं हसणं. आपण हे इतक्यांदा म्हणतो हे तिला त्या दिवशी कळलं. दोनतीन दिवस तिनं ते म्हणायचं टाळलं, तर बोलणं कसं संपवावं हेच कळेना.

सिनेमा होता विनोदी. बाप पळून गेलेली पोरगी, तिची विक्षिप्त आई, आणि बर्फ हटवायचं यंत्र. प्रसंग खराच घडलेला होता. रोअल्ड गेल्यावर पहिलं बर्फ पडलं त्या सकाळी मार्लिसनं नाइटगाउनवर कोट चढवला, पायात बूट घातले आणि शिकाऊ परवानावाल्या सिग्नेला गाडी चालवायला बसवलं. "चल, बर्फाचं यंत्र आपलं आहे. घेऊन येऊ." रोअल्ड तळ्याकाठी भाड्याच्या घरात राहत होता. यंत्र मिळालं, पण येताना ते गाडीमागच्या ट्रॉलीवरून घसरलं ते बरोबर शाळेच्या दारात, सगळी शाळा आत शिरत असताना. मार्लिस भर रस्त्यात नाइटगाउनमध्ये ते ढकलत होती आणि सिग्ने स्टिअरिंगमागे तोंड लपवून बसली होती. गाव पुढे कित्येक वर्षं त्यावर हसलं.

तळ्याकाठच्या प्रसंगाच्या आदल्या दिवशी पॉलीन बटाटे सोलायला बसली आणि म्हणाली, "मला एक कळत नाही हो. यंत्र तर बाहेर अंगणात पडलेलं. उचलायचं आणि निघायचं. मग ही बाई दाराशी इतका वेळ का उभी राहते? सिग्नेला विचारलं तर म्हणते, 'आई भांडत असेल. मी गाडीत होते, मला नुसती तिची पाठ दिसत होती.'"

मार्लिस सालं गोळा करत राहिली. मग म्हणाली, "भांडले नव्हते."

"मग?"

"मी त्याला घरी चल म्हणाले होते."

पॉलीनचे हात थांबले. "आणि तो?"

"म्हणाला, यंत्र न्यायचं असेल तर ने." मार्लिसनं सालं डब्यात टाकली. "सिग्नेला नका सांगू. तिच्या सिनेमात लोकांना हसायचंय."

दुसऱ्या दिवशी पॉलीन त्या दारापुढे उभी राहिली. मार्लिस लांब रस्त्याच्या कडेला, कुणाच्या मध्ये येणार नाही अशी उभी होती. कॅमेरा गाडीत. पॉलीन फक्त उभी होती. पण तिचे खांदे असे काही खाली आले की दिवे धरलेल्या पोरांचीही कुजबुज थांबली. मार्लिसला स्वतःची पाठ कधी दिसली नव्हती. ती आज दिसली.

"कट," सिग्ने म्हणाली. "पॉलीन, हे काय होतं? छान होतं, पण हा विनोदी सिनेमा आहे गं. तू चिडलेली आहेस. हात हलव, दारावर लाथ मार."

पॉलीननं हात हलवले, लाथ मारली. सगळे खो खो हसले. मार्लिस घरी येऊन थाळे धुवायला लागली.

महिना संपला, गाड्या भरल्या, माणसं गेली. त्या रात्री तिला झोप लागेना, म्हणून ती वरच्या खोलीत जाऊन निजली. तिथेही लागली नाही.

पुढच्या सप्टेंबरात एका रविवारी दुपारी गावातल्या एकपडदी थिएटरात सिनेमा लागला. सिग्ने आली होती. शेजारीण आर्डिस दारातच ओरडली, "मार्लिस, नाइटगाउन कुठाय? त्याशिवाय आत सोडणार नाहीत!" मार्लिस हसली. आत अंधार झाला. पिवळं स्वयंपाकघर आलं, सोफा आला, "बरं तर मग, चला!" आलं, आणि थिएटर हसून लोळलं. मग तळ्याकाठचं दार आलं. मार्लिसनं खुर्चीचा हात घट्ट धरला.

लाथेचाच प्रसंग ठेवला होता. आर्डिसला हसता हसता ठसका लागला. मार्लिसही हसायला गेली, पण ते जमेना. मान वळवली तर सिग्ने पडद्याकडे बघतच नव्हती. ती आईकडे बघत होती.

घरी आल्यावर सिग्ने आत गेली नाही. अंगणाच्या पायरीवर बसली आणि म्हणाली, "ते दुसरं, पॉलीननं आधी केलेलं, मी पुन्हा पुन्हा पाहिलं. संकलन करताना. ठेवावं असं वाटायचं, पण पुढचा सगळा विनोद पडायचा. आई, तू काय सांगितलं होतंस तिला?"

मार्लिस शेजारी टेकली. आणि सांगितलं. बटाटे सोलताना सांगितलं होतं तेवढंच, त्यात एक अक्षर वाढवलं नाही.

सिग्नेनं गुडघ्यांत तोंड घातलं. "मी हॉर्न वाजवत होते," ती म्हणाली. "शाळेला उशीर होतोय म्हणून. तू तिथे उभी, आणि मी सारखी हॉर्न वाजवत होते."

"वाजवलास तेच बरं केलंस. नाहीतर मी हलले नसते तिथून."

सिग्नेनं तिच्याकडे पाहिलं. "मला सांगायचंस ना."

"सोळा वर्षांची होतीस. आणि नंतर तू ती गोष्ट लोकांना इतकी मजेत सांगायचीस गं." मार्लिसनं तिच्या केसांतलं वाळकं पान काढलं. "मलाही मग तीच खरी वाटायला लागली होती. बरी होती ती."

दुसऱ्या दिवशी सिग्नेचं विमान होतं. पुढच्या गावी, पुढच्या थिएटरात. मार्लिसनं तिला फार्गोच्या विमानतळावर सोडलं. सिग्नेनं मिठी मारली ती नेहमीपेक्षा जास्त वेळ, आणि मग तीच आधी सुटली, कारण रांग पुढे सरकली होती.

त्यानंतर सिग्नेचे फोन वरचेवर यायला लागले. तिकडे लोक कुठे हसले, कुठे नाही, हे ती सविस्तर सांगायची. कधी मध्येच थांबायची, काही विचारावंसं वाटत असावं, पण विचारायची नाही. मार्लिसही सांगायची नाही. बोलणं संपलं की ती फोन हातात धरून थोडा वेळ तशीच बसायची, आणि मग उठून एका माणसापुरतं काहीतरी गरम करायला घ्यायची.