भिगवणचं चलन

इंदापूरला शिक्षकांचं प्रशिक्षण आटोपून पद्मा गाडीने बारामतीला परत निघाली होती. दिवेलागणीच्या वेळी भिगवणच्या चौकात हवालदाराने शिट्टी मारून हात आडवा केला आणि तिने घाबरून करकचून ब्रेक दाबला. खरं तर सीटबेल्ट लावलेला होता, लायसन पर्समध्ये होतं. पण कधी कुणाचं वाकडं न केलेल्या माणसांनाच पोलिसांची जास्त भीती वाटते, त्यातलीच पद्मा.

"ताई, मागचा डावा दिवा बंद हाय तुमचा," हवालदार खिडकीशी येऊन म्हणाला.

"मला खरंच माहीत नव्हतं हो. गाडी आमच्या मिस्टरांची आहे. रोज तेच चालवतात."

"त्यांना म्हाईत हाय की!" हवालदाराने हातातल्या मशीनवर गाडीचा नंबर मारला. "ह्ये बगा. ह्याच दिव्याचं चलन गेल्या गुरवारी झालंय. मीच केलंय. उद्याच्या उद्या दिवा टाकतो म्हणले व्हते साहेब."

त्याने स्क्रीन तिच्याकडे वळवली. फोटोत गाडीची पाठ होती, एक दिवा लाल, एक काळा. आणि काचेतून दोन डोकी दिसत होती. उजवीकडचं आनंदचं, तिच्या नवऱ्याचं. त्या टकलाची वाढ तिने अकरा वर्षं जवळून पाहिली होती, ओळखायला चूक होणं शक्यच नव्हतं. डावीकडचं डोकं मात्र ओढणीत गच्च गुंडाळलेलं होतं.

"कुठून येत होते ते?" पद्माने शक्य तितक्या सहज विचारलं.

"समोरच्या चंद्राबाईच्या हॉटेलातनं निगाले व्हते. संगं बाईमाणूस व्हतं, म्हणून मी लई ताणलं न्हाय. तुमाला आज सोडतो. पर दिवा टाकून घ्या."

त्याने सलाम ठोकला आणि तो पुढच्या टेम्पोकडे वळला. बिचाऱ्याला काय ठाऊक, दंड परवडला असता पण हे नको होतं.

गुरुवार! दर गुरुवारी आनंद आईला काटेवाडीला मावशीकडे भजनाला सोडायचा, तिथून दौंडला खतांच्या डीलरांची मीटिंग उरकायचा आणि येताना आईला घेऊन यायचा. दौंडला जाणारा माणूस भिगवणला काय करतो? पद्माच्या डोक्यात एकेक गोष्ट सरळ रांगेत येऊन उभी राहायला लागली. गुरुवारी घरी आला की आनंद आधी बाथरूममध्ये घुसतो, तोंडात बडीशेप असते. गाडीत दोन महिन्यांपूर्वी त्याने मोगऱ्याच्या वासाची बाटली आणून लावली, आणि ती वेडी मैत्रिणींना सांगत सुटली की आमचे हे किती टापटिपीचे झालेत! आणि तिकडे म्हातारी आई भजनात टाळ कुटत लेकाची वाट बघत बसणार. पद्माला स्वतःपेक्षा सासूबाईंचीच जास्त दया आली.

घरी जाऊन भांडावं तर आनंद गोड बोलून गुंडाळणार. ती गाडी वळवून सरळ हॉटेलाच्या दारात घेऊन गेली.

आत पाऊल टाकताच तळलेल्या मासळीचा वास तिच्या अंगावर आला आणि ती उंबऱ्यातच थबकली. पद्मा पळसदेवची. उजनीच्या पाण्याकाठी वाढलेली. माहेरी आठवड्यातून चार दिवस मासळीचं कालवण असायचं. लग्न ठरलं तेव्हा सासूबाईंनी पहिली अट घातली होती: आमच्या गळ्यात तुळशीची माळ आहे, घरात मासमच्छी चालायची नाही, आणि सुनेने बाहेरही खायची नाही. पद्माने मान्य केलं. लेकीच्या, ओवीच्या वेळी सातव्या महिन्यात तिला चिलापी माशाचे डोहाळे लागले, तेव्हा ती रडली होती, आणि आनंद मान खाली घालून म्हणाला होता, "आईचं मन मोडवत नाही गं." नवऱ्याचं ते आईवरचं प्रेम तिला तेव्हा आवडलंही होतं.

गल्ल्यावर चंद्राबाई बसल्या होत्या. पद्माने मोबाइलवर आनंदचा फोटो काढून समोर धरला. "हे येतात का हो इथं?"

"आनंदराव? येत्यात की, दर गुरवारी. दोघं असत्यात. आतली खोली लागती त्यांना, पडदा सारून."

पद्माने मोबाइल पर्समध्ये टाकला. "दोघं म्हणजे? बरोबर कोण असतं?"

"त्या बाई. लई जीव हाय बरं का आनंदरावांचा. चिलापीचा एकेक काटा सोता काढून त्यांच्या ताटात वाढत्यात. मी तर माज्या मालकाला म्हनलं, शिका जरा."

अकरा वर्षांत आनंदने तिला साधं संत्रं सोलून दिलं नव्हतं. डोळ्यांत पाणी येऊ न देता तिने विचारलं, "दिसायला कशी आहे ती?"

चंद्राबाई हसल्या. "दिसायचं काय त्यात? सत्तरीची म्हातारी हाय, आई हाय त्यांची! आली की गळ्यातली माळ काढून लेकाच्या खिशात ठेवती, हात जोडती, आन् मग ताटावर बसती. जाताना साबणानं दोनदा हात धुती."

पद्मा मटकन खुर्चीवर बसली. आधी तिला हसू फुटलं, इतकं की चंद्राबाई गल्ला सोडून जवळ आल्या. सवत नाही, कुणी नाही, सासूबाई! पण हसू ओसरलं तसा संताप वर आला. बाई असती तर एका माणसाशी भांडून मोकळं होता आलं असतं. इथे दोघांनी मिळून तिला अकरा वर्षं मूर्ख बनवलं होतं, आणि तिच्या घासातला घास काढून पडद्याआड स्वतः खाल्ला होता.

"मला एक ताट द्या," ती म्हणाली. "चिलापी. माझे काटे मी काढते."

ताट आलं. लालभडक तिखटातला कुरकुरीत तुकडा, बाजूला बाजरीची भाकरी, थेट आईच्या हातासारखं. पद्माने पहिला घास घेतला. दोनदा चावला. आणि तिच्या घशाशी एकदम मळमळून आलं. तिने दुसऱ्यांदा प्रयत्न केला, डोळे मिटून, पळसदेवचं घर आठवून. घास उतरेना. तोंडावर रुमाल धरून ती मोरीपाशी धावली आणि परत आली तेव्हा गालांवरून पाणी वाहत होतं.

"तिखट लागलं व्हय?" चंद्राबाईंनी पाण्याचा तांब्या पुढे केला.

"नाही हो. मला आता खाताच येत नाही."

मग पद्माने डोळे पुसले, पदर खोचला आणि ताट बाजूला सारलं.

"पार्सल मिळेल ना? हेच, गरम."

"मिळंल की. किती बांधू?"

"दोन," पद्मा म्हणाली. "आमच्या घरात खाणारी दोनच माणसं आहेत. आणि झाकण जरा सैलच ठेवा, दारातच वास आला पाहिजे."