डाव्या कडेची फुंकर

“श्वास सोड. सगळा सोड. आता धरून ठेव.”

चाळीस वर्षं झाली, तरी मोठ्या सरांचा तो आवाज मॅडमच्या कानात होता. घशात थोडी वाळू मिसळल्यासारखा आवाज. सर सांगत रोग्याला, आणि श्वास धरून उभे राहत विद्यार्थी. खाटेवर एक बाई पुढे वाकून बसलेली, छातीच्या हाडाच्या डाव्या कडेला स्टेथोस्कोपच्या नळीची चकती टेकवलेली, आणि सरांचं बोट विद्यार्थिनीच्या मनगटावर ताल धरत होतं. एक ठोका. दुसरा ठोका. मग ते बोट हलकेच मनगटावरून सरकत जाई.

“दुसरा ठोका संपला की काय येतं? घाई नको. पुस्तकात त्याला मर्मर म्हणतात, मी फुंकर म्हणतो. पोराच्या खरचटलेल्या गुडघ्यावर आई घालते ना, तेवढीच. आली ऐकू? तू आधी सांग.”

“आली, सर.”

पदवी पुढे दोन वर्षांनी मिळाली. पण मॅडम डॉक्टर झाल्या त्या त्याच दुपारी.

“मॅडम?”

मॅडम भानावर आल्या. समोर सत्तेचाळीस नंबर उभी होती. शेवटच्या वर्षाच्या प्रॅक्टिकल परीक्षेत नावं नसतात. पांढऱ्या कोटाच्या खिशावर सेफ्टी पिनेनं टाचलेला नंबर असतो. सत्तेचाळीस ही शेवटची. गेल्या खेपेला नापास झालेली, बारीक चणीची आणि त्याहून बारीक आवाजाची.

तिचे ओठ हलले.

“मोठ्यानं बोल,” मॅडम म्हणाल्या.

वसतिगृहात मुलांनी त्यांचं नाव ‘मोठ्यानं मॅडम’ असं ठेवलं होतं. त्यांच्या नकला व्हायच्या. चष्मा नाकावर ओढायचा, मान तिरकी करायची आणि गरजायचं, “मोठ्यानं! उंदीर आहेस का?” दोन वर्षांत मॅडम फार कडक झाल्या, असं सगळे म्हणत. त्या मागे आल्या की पोरांच्या तोंडाला कोरड पडे. कोणाच्या तोंडाला जास्त, हे मात्र एकट्या मॅडमनाच ठाऊक होतं.

“मर्मर आहे, मॅडम,” सत्तेचाळीस नंबर म्हणाली. “डाव्या कडेला. दुसऱ्या ठोक्यानंतर.”

खाटेवर बसलेला पेंटर आळीपाळीनं दोघींकडे पाहत होता. तीन आठवडे ताप येतो म्हणून तो दाखल झाला होता. ताप उतरलेला, आणि माणूस मोकळ्या तोंडाचा, म्हणून परीक्षेसाठी त्याला दोन दिवस जास्त ठेवून घेतलं होतं. सकाळपासून अकरा जणांनी त्याची छाती तपासली होती.

“इतके कान लागले मॅडम, की छाती आता भाड्यानंच द्यावी म्हणतो,” तो म्हणाला.

बाहेरगावाहून आलेले परीक्षक हसले. ते मॅडमचेच जुने विद्यार्थी. त्यांनी टेबलावरचा कागद उचलला. परीक्षेआधी इथल्या परीक्षकानं प्रत्येक रोग्याला तपासून त्याच्यात काय सापडतं ते लिहून ठेवायचं, आणि मुलांची उत्तरं त्या कागदाशी ताडून पाहायची, अशी पद्धत होती. कागदावर मॅडमच्या टपोऱ्या अक्षरात लिहिलं होतं : हृदयाचे आवाज स्वच्छ.

“मॅडम, तुम्ही ऐकलंय ना?”

“ऐकलंय.”

“मग प्रश्नच मिटला. या कानांवर आमची अख्खी बॅच पास झालीय.” ते मुलीकडे वळले. “बघ हं. विचार करून सांग. आहे, की नाही?”

मुलीनं नंबराची पिन बोटांत घट्ट धरली. “आहे, सर.”

मॅडमनी नळी कानात घातली, चकती टेकवली. लब. डब. पाटीवर खडूनं दोन टिंबं काढावीत तसे दोन ठोके. दुसऱ्यानंतर काहीच नाही. पूर आलेल्या नदीवर धुकं बसावं आणि पलीकडचा काठ आहे की वाहून गेला ते कळू नये, तसं ते काहीच नव्हतं.

मॅडमचा चेहरा मात्र हलला नाही.

“तुला जे हवंय ते तुला ऐकू येतंय,” त्या म्हणाल्या. “नसलेला रोग चिकटवू नये माणसाला. जा.”

मुलगी गेली. हृदयाच्या रकान्यात मॅडमनी शून्य लिहिलं. त्या शून्यानं ती दुसऱ्यांदा नापास होत होती.

*

कान काही एका दिवसात गेला नाही. आधी पाखरं गेली. मग नळाची टिपटिप गेली. मग कपाटाच्या बिजागरीची कुरकुर गेली, आणि मॅडमना वाटलं, नवऱ्यानं तेल घातलं असेल. मग एके दिवशी वॉर्डात बीप वाजणारा थर्मामीटर ठेवून त्या एका आजीच्या काखेकडे टक लावून उभ्या होत्या. आजी म्हणाली, “बाई, ते केव्हाचं बोंबलतंय, काढा की.”

तेव्हा कळलं. बारीक, उंच आवाज जात होते. आणि ती फुंकरही तसलीच, बारीक आणि उंच.

घरी नवऱ्यानं एकदाच विषय काढला होता. “अगं, एकदा कान दाखवून ये.” “माझ्या कानाला काय धाड भरलीय?” त्यानंतर त्यानं विषय काढला नाही. फक्त घरात तो जरा चढ्या आवाजात बोलू लागला, आणि हाक मारायच्या आधी समोर येऊन उभा राहू लागला. त्याच्या त्या समजूतदारपणाचाही मॅडमना राग येई.

त्यांनी कोणाला सांगितलं नाही. डोळ्यांना आणि बोटांना दुप्पट कामाला लावलं. मानेची शीर कशी उडते, नाडी बोटाखाली कशी आपटते, नखं कशी दिसतात, यावरून त्या हृदयाचं दुखणं ओळखत. नळी कानात असे ती लोकांसाठी. आणि मुलांना म्हणत, “तू आधी सांग.” मुलांना वाटे, मॅडम शिकवताहेत.

आज परीक्षा संपल्यावर, डबा न उघडता बसल्या असताना, त्यांच्या मनात पहिल्यांदाच आलं : मोठे सरही म्हणायचे, तू आधी सांग. सरांनाही तेव्हा...? विचारायला सर उरले नव्हते.

त्या विचारामागून दुसरा आला. मुलगी बरोबर असली तर? एकटा पेंटरच नव्हे. दोन वर्षं. दोन वर्षांत किती छात्यांवर त्यांनी ‘स्वच्छ’ असं लिहिलं होतं? ती माणसं कागद घडी करून खिशात घालून, दिलासा घेऊन घरी गेली होती.

दारात सिस्टर उभी होती. किती वेळ उभी होती कोण जाणे.

“मॅडम! तीनदा हाक मारली.” तिनं कागद पुढे केला. “पेंटरदादांचा डिस्चार्ज. दोन दिवस ताप नाही. सही केली की सुटले. त्यांचा भाऊ टेम्पो घेऊन खाली आलाय, त्याला घाई आहे.”

पेन हातात घेतलं. निब कागदाला टेकली. उठली.

“मी एकदा बघून येते.”

*

पेंटर पिशवी भरत होता. भराभर, कोणी परत बोलावेल या भीतीनं.

“निघालो मॅडम. शाळेचे बारा दरवाजे अर्धवट टाकून आलोय. मुख्याध्यापक रोज फोन करतात.”

“बसा जरा. ताप खरंच गेलाय?”

“गेला म्हणजे काय,” तो म्हणाला आणि पिशवीची गाठ उगाच घट्ट केली.

“पेंटरदादा.”

“गोळी घेतो,” तो ओशाळून हसला. “घरनं आणलेली. सिस्टर ताप बघायला येतात ना, त्याच्या आधी. त्याशिवाय तुम्ही सोडाल का मला?”

मॅडमना त्याच्यावर ओरडता आलं नाही. तोही काहीतरी लपवत होता, एवढंच मनात आलं.

“ती शेवटची मुलगी,” पेंटर सांगू लागला, तिथल्या तिथं विषय बदलायला. “बाकीचे कान लावायचे नि पळायचे. तिनं दहा मिनिटं घेतली. मला पुढं वाकवलं. म्हणे, श्वास सगळा सोडा काका, आता धरा. मी म्हटलं, पोरी, किती धरू, जीव जाईल! तर हसली नाही. डोळे मिटून ऐकत होती.”

मॅडम खाटेच्या कडेला बसल्या.

तीन दिवसांपूर्वी त्यांनी या माणसाला वाकवलं नव्हतं. श्वास धरायला लावलं नव्हतं. कानाला काही मिळणारच नाही, मग त्याला कशाला दमवा, असं मनाशी म्हणाल्या होत्या. ते खोटं होतं. त्याचा श्वास थांबला असता, वॉर्ड गप्प झाला असता, आणि त्या शांततेत त्यांचा बहिरेपणा त्यांना स्वतःला ऐकू आला असता. त्याची भीती वाटली होती.

“हात बघू.”

त्यानं हात पुढे केले. दरवाजांचा तपकिरी रंग नखांवर, नखांच्या कडांत बसलेला. तीन दिवसांपूर्वीही त्यांनी ही नखं पाहिली होती. रंग आहे, म्हणाल्या होत्या.

“सिस्टर, स्पिरिटचा बोळा द्या.”

त्या एकेक नख पुसू लागल्या. पोराचं तोंड पुसावं तसं, कडेकडेनं. तपकिरी रंग बोळ्यावर उतरत गेला. अंगठा साफ झाला. तर्जनी साफ झाली. मधल्या बोटाचं नख साफ झालं आणि आतून एक बारीक काळपट रेघ वर आली. लाकडाचं सालपट रुतावं तशी. त्यांनी पुन्हा पुसलं. रेघ हलली नाही. ती नखाखाली होती. रक्ताची होती. करंगळीपाशी दुसरी सापडली.

तीन आठवड्यांचा ताप. नखाखाली रेघा. छातीत फुंकर. हृदयाच्या झडपेला जंतू लागले होते. हा माणूस टेम्पोत बसून घरी गेला असता, गोळी खाऊन उरलेले दरवाजे रंगवले असते, आणि एखाद्या दिवशी शिडीवरच कोसळला असता.

“काय झालं मॅडम?” त्याचा आवाज पडला. “रंगच आहे ना?”

“नाही, दादा. पण औषध आहे याला. महिनाभर राहावं लागेल, आणि त्या गोळ्या आत्ता माझ्याकडे द्या.” त्या सिस्टरकडे वळल्या. “भावाला वर बोलवा. आज कोणी जात नाही. लगेच रक्त काढा, तीन वेळा, तपासणीला पाठवा. हृदयाची सोनोग्राफी सांगा. आत्ता.”

सिस्टर धावली.

एवढ्यावर भागलं असतं. उद्या सगळे म्हणाले असते, मॅडमची नजर बघा, रंगाखालचा रोग ओळखला. माणूस वाचला असता, कानाचं गुपित कानातच राहिलं असतं. मॅडम खाटेवर बसून होत्या आणि हे सगळं त्यांना लख्ख दिसत होतं. पाच वाजायला वीस मिनिटं होती. पाचला गुणांची पाकिटं लाखेनं बंद होत.

जिन्यात सत्तेचाळीस नंबर बसली होती. कोट मांडीवर, नंबर अजून टाचलेला. मॅडमना पाहून ती धडपडत उठली. डोळे लाल होते. काहीतरी बोलली. मॅडमना ओठच दिसले.

“वर चल,” मॅडम म्हणाल्या.

मुलगी मागून येत होती. तिला वाटत असणार, अजून काही बोलणी खायची आहेत. मॅडमना स्वतःचं हृदय कानात ऐकू येत होतं. तेवढं मात्र स्पष्ट येत होतं. पायऱ्या चौदा होत्या. आठव्या पायरीवर त्यांना वाटलं, परत फिरावं. कठड्याला धरून त्या थांबल्या. खालच्या पायरीवर मुलगीही थांबली, आणि तिनं नुसता हात पुढे केला, म्हातारं माणूस दमलंय म्हणून.

मॅडमनी तो हात धरला.

परीक्षेच्या खोलीत परीक्षक मेणबत्तीवर लाख तापवत होते. सिस्टर रक्ताच्या बाटल्यांवर चिठ्ठ्या चिकटवत होती.

“या मॅडम! तुमच्या एका सहीसाठीच थांबलोय. कळलं मला पेंटरचं. काय नजर हो तुमची!” मग त्यांना मागची मुलगी दिसली. “ही का?”

“पाकीट बंद करू नका. हिचं उत्तर बरोबर आहे. माझा कागद चुकलाय.”

“असं कसं होईल? तुम्ही ऐकलं होतंत ना?”

मॅडमनी गळ्यातली नळी काढली. सरांनी दिलेली, रबर दोनदा बदललेली. ती त्यांनी सत्तेचाळीस नंबरच्या हातात ठेवली. मुलीनं ती दोन्ही हातांनी धरली, जड असल्यासारखी.

मग मॅडम काहीतरी म्हणाल्या. खाली बघून, ओठातल्या ओठात.

लाखेचा एक थेंब टेबलावर पडला. परीक्षकांनी मान पुढे केली.

“काय म्हणालात? मॅडम, जरा मोठ्यानं.”

त्यांनी चष्मा काढला. समोरचे तिन्ही चेहरे पुसट झाले, आणि त्यामुळे थोडं सोपं झालं.

“मला ऐकू येत नाही,” मॅडम मोठ्यानं म्हणाल्या. “दोन वर्षं झाली. मला ऐकू येत नाही.”