शेवग्याचा पाला, जाळीच्या दोन्ही बाजूंना

उमरोळीच्या मागल्या अंगाला निमेशशेठची पोल्ट्री. सोमी तिथे खाद्य-पाणी आणि झाडलोट बघायची. एक दिवस खाद्य पुरवणाऱ्या कंपनीच्या तेजल डॉक्टरबाई आल्या आणि त्यांनी शेडच्या मधोमध जाळी मारली. डावीकडच्या कोंबड्यांच्या खाद्यात शेवग्याच्या पाल्याची पूड, उजवीकडच्यांना नुसतं खाद्य.

"उन्हाने पक्ष्यांच्या अंगात बिघाड होतो, तो हा पाला आवरतो," बाई म्हणाल्या. "वजनात फरक दिसला की कंपनी तुमच्या पाड्यावरूनच पाला घेईल. कायमचा."

कायमचा! म्हणजे दिवाळीनंतर पाड्याला वीटभट्टीवर जायला नको. सोमीच्या धाकट्या बहिणीला, नलूला, पोरगी शाळेतून उपटून न्यायला नको. सोमीला आभाळ ठेंगणं झालं.

"उजवीकडे मात्र चिमूटभरही नाही हं," बाईंनी बजावलं. का नाही, ते सांगायचं राहून गेलं. झाडलोट करणाऱ्या बाईला कोण समजावत बसतंय!

ऑक्टोबरचं ऊन पेटलं. पत्रे तापले. डावीकडचे पक्षी खात होते आणि उजवीकडचे चोची वासून धापा टाकत होते. सोमीला ते बघवेना. पाड्यावर पंगतीत एक पान वाढून शेजारचं सोडलं, तर वाढणाऱ्याच्या सात पिढ्यांचा उद्धार होतो. मग या मुक्या जिवांनी काय पाप केलं होतं? तिने घरच्या शेवग्याचा पाला सुकवला, कुटला आणि रोज सकाळी उजवीकडच्या खाद्यात मुकाट कालवला. बाईंच्या पिशवीला हात लावला नाही. चोरी तिला जमणारी नव्हती.

बेचाळिसाव्या दिवशी वजनं झाली. दोन्हीकडचे पक्षी सारखेच भरलेले. सोमी कौतुकाने बघत होती.

"फरकच नाही," कंपनीचा सुजित साहेब म्हणाला. "पाला कुचकामी. बाहेरची पावडरच मागवू."

तेव्हा कुठे त्या वेडीच्या डोक्यात उजेड पडला. "सायेब, फरक कसा दिसंल? मी त्यांनाबी पाला घातलाय. रोज."

सुजित साहेब हसला. "धंदा जातोय म्हटल्यावर सुचलं वाटतं!" कागद गाडीत टाकून तो निघूनही गेला.

बाई मात्र हसल्या नाहीत. "खरं बोलतेस, सोमी?"

"पोराची आन, बाई."

"मग आधी का नाही सांगितलंस?"

"तुमी तरी कुठं सांगितलं, का नाय घालायचा त्ये?"

बाईंनी कंपनीकडे पुन्हा एकदा चाचणी मागितली. दुसऱ्यांदा त्यांना कंपनीने जाळी मारू दिली नाही.

दिवाळी सरली आणि भट्टीचा ट्रक पाड्यावर आला. नलूने भांडी चढवली, पोरीला चढवलं आणि पोरीचं दप्तर सोमीच्या हातात दिलं.

"मोनालीचं हाय, संभाळ. आन् बाय, तू नको जीव जाळूस. तू लय केलंस आमच्यासाठी. पाल्यातच गुण नव्हता, त्याला तू काय करशील?"

सोमीने तोंड उघडलं. जाळीपलीकडच्या कोंबड्यांची दया आली म्हणून तुझी पोर भट्टीवर चाललीय, हे सख्ख्या बहिणीला सांगायचं कसं? ट्रक सुरू झाला. ती दप्तर छातीशी धरून उभी राहिली, आणि नलूने वरून हात हलवला तेव्हा तिनेही हलवला.