माझे तीन खोटे अंश

मित्रांनो, दरवर्षी विज्ञान दिनाला तुम्ही शाळेच्या गणवेशात रांगेनं आमची प्रयोगशाळा पाहायला येता. सूक्ष्मदर्शकापाशी गर्दी करता आणि मला खिडकीखालची गंजकी पेटी समजून पुढं निघून जाता. राग नाही. पेटीच आहे मी. पण मी वॉटर बाथ आहे, म्हणजे पाणी ठरावीक तापमानाला धरून ठेवणारं यंत्र, आणि माझ्यापायी एका मुलीचं सहा महिन्यांचं काम वाया गेलं. ते मला तुम्हाला सांगायचंच आहे.

माझा जन्म अंबाल्याच्या कारखान्यातला. दुहेरी पत्र्याचं अंग, पोटात पाणी, तळाशी तापणारी तार, समोर आकडे लिहिलेलं गोल बटण आणि बाजूला लाल दिवा. हव्या त्या आकड्यावर बटण फिरवायचं. पाणी तेवढं तापलं की दिवा विझतो. गोंदिया जिल्हा वेगळा झाला त्याच वर्षी, म्हणजे १९९९ साली, मी भंडाऱ्याच्या या कॉलेजात आलो. तेव्हा काय थाट होता माझा! झाकणात माणसाचं तोंड दिसायचं.

मला सांभाळायचे जागेश्वरभाऊ, इथले परिचर. ते मोहाडीहून सकाळच्या बसनं यायचे, पाणी बदलायचे, फडक्यानं मला पुसून काढायचे. एकदा प्रात्यक्षिकाच्या गडबडीत कुणाच्या तरी दप्तराचा पट्टा माझ्या बटणात अडकला आणि बटण निखळून पडलं. घाईघाईनं ते परत ठोकून बसवलं गेलं, पण तीन रेघा वाकडं. त्या दिवसापासून बटण बावन्न अंश दाखवायचं आणि पाणी असायचं एकोणपन्नास.

भाऊंनी थर्मामीटर बुडवून आठवड्याभरात ते हेरलं. कुणी म्हटलं, भाऊ, बावन्न लावा, की ते मुकाट्यानं पंचावन्नवर लावायचे. बटणाकडे कुणी बघतच नसे. दिवा विझला की परीक्षानळ्या पाण्यात. हळूहळू थर्मामीटरही कपाटात जाऊन पडला, कारण हे यंत्र कधी चुकत नाही असं सगळे म्हणू लागले. कौतुक माझं व्हायचं आणि अक्कल भाऊंची असायची. खरं सांगतो, मला ओशाळल्यासारखं व्हायचं, पण मला तोंड कुठं आहे?

मग रत्नमाला आली. पवनी तालुक्यातल्या कोंढ्याची मुलगी, ललिता कापगते मॅडमच्या हाताखाली संशोधन करायला. तिचा विषय होता यीस्ट. यीस्ट म्हणजे डोळ्यांना न दिसणारी, एकाच पेशीची बुरशी. पाव फुगवते ती हीच. रत्नमालेची आई विमलाबाई एप्रिलात मोहफुलं वेचायला जायची आणि लहानपणी ही तिच्यासोबत असायची. भुईवर पाय ठेववत नाही अशा उन्हात पडलेल्या फुलांवर यीस्ट जगते तरी कशी, हा प्रश्न तिच्या डोक्यात तेव्हापासून घुसलेला. ती सांगायची, यीस्ट उष्णतेला तोंड द्यायला ट्रेहॅलोज नावाची साखर स्वतःच्या पेशीत तयार करते. ती साखर किती होते आणि तिच्या जोरावर किती पेशी वाचतात, हे तिला मोजायचं होतं.

म्हणून ती मोहफुलांवरची यीस्ट नळीत घ्यायची आणि भाऊंनी तापवून दिलेल्या माझ्या बावन्न अंशांच्या पाण्यात दहा मिनिटं ठेवायची. मग ती काचेच्या बशीत पसरून दोन दिवस थांबायची. वाचलेल्या प्रत्येक पेशीचा एक पांढरा ठिपका उगवतो. पहिलं वर्षभर बशा कोऱ्या निघाल्या. एकेक कोरी बशी उजेडाकडे धरून ती नुसती पाहत राहायची. घरून विमलाबाईचा फोन यायचा, अजून किती दिवस शिकून राहशील म्हणून. ही हसून म्हणायची, यीस्ट मरायची थांबेपर्यंत.

जूनअखेर जागेश्वरभाऊ निवृत्त झाले. शाल, नारळ, फोटो, सगळं झालं. जाताना त्यांनी मला एकदा पुसलं आणि निघाले. तीन रेघांची गोष्ट त्यांनी कुणाला सांगितली नाही. रोजची सवयच ती. आपण रोज दार किती जोरात ओढतो हे कोणी सांगून जातं का?

जुलैच्या पहिल्या आठवड्यापासून रत्नमाला स्वतःच बटण लावू लागली, सरळ बावन्नवर. त्याच आठवड्यात तिनं पद्धतही बदलली होती. यीस्टला आधी तासभर कोमट पाण्यात ठेवायचं, साखर तयार करायला अवधी द्यायचा, मग कडक उष्णता. दोन दिवसांनी बशी उघडली, तर ठिपकेच ठिपके! शंभरातल्या साठ पेशी वाचलेल्या. पोरगी आनंदानं रडली हो. मॅडमनी सगळ्या विभागाला चहा पाजला. सहा महिने असेच आकडे येत राहिले आणि नागपूरच्या परिषदेत तिचं व्याख्यान ठरलं. आणि मी? माझ्या पोटात एकोणपन्नास अंशांचं पाणी डुचमळत होतं आणि मला ओरडावंसं वाटत होतं, की अगं बाई, बावन्न नाही गं हे!

जानेवारीत भाऊ पेन्शनच्या कागदांसाठी कॉलेजात आले आणि सवयीनं प्रयोगशाळेत डोकावले. रत्नमाला बटण फिरवत होती. त्यांनी जरा वेळ पाहिलं आणि म्हणाले, “बाई, बावन्न पाह्यजे असन तर पंचावन्नवर लाव. हा तीन आकडे खोटा बोलते.”

तिचा हात बटणावरच राहिला. तिनं कपाटातून थर्मामीटर काढला, पाण्यात धरला आणि पुन्हा पुन्हा वाचला. एकोणपन्नास.

“भाऊ, तुमी आधी काहून नाही सांगितलं?”

“मीच लावून देत होतो ना,” भाऊ म्हणाले. “अन् मले कोणी विचारलंही नाही.”

ते इतकं साधेपणानं म्हणाले की तिला रागावताही येईना. ती खुर्चीवर बसली. साठ पेशी तिच्या पद्धतीमुळं वाचल्या की माझ्या तीन अंशांमुळं, हे आता कुणीच सांगू शकत नव्हतं. व्याख्यान बारा दिवसांवर आलं होतं आणि शिष्यवृत्ती जूनपर्यंतच होती. तेवढ्यात काम उभं राहिलं नाही, तर संशोधन सोडून नोकरी शोधायची, हे घरी ठरलेलं.

कापगते मॅडम वाईट नव्हत्या. त्यांनाही धक्का बसला. पण त्या म्हणाल्या, नाव छापून आलंय, आता बोलून ये, आकडे नंतर दुरुस्त करू. रत्नमाला म्हणाली, “मॅडम, पाणी एकोणपन्नासचं अन् मी बावन्न सांगू? ते मले जमणार नाही.”

त्याच दिवशी तिनं व्याख्यान रद्द केल्याचं पत्र लिहिलं, कारणासकट. मॅडमनी ते दोनदा वाचलं, सुस्कारा टाकला आणि खाली सही केली. मग रत्नमालेनं वहीतल्या सहा महिन्यांच्या पानांवर तिरप्या रेघा मारल्या. मला वाटलं, आता माझी रवानगी भंगारात. तिनं मात्र माझं बटण काढलं, नीट जुळवून बसवलं, झाकणाच्या भोकातून थर्मामीटर सोडून दोऱ्यानं बांधला आणि म्हणाली, चल, पहिल्यापासून.

मित्रांनो, तो उन्हाळा आठवला की अजून माझी तार तापते. मार्च लागला तसं लोडशेडिंग सुरू झालं. वीज कधी जाईल याचा नेम नाही. एकदा नळ्या पाण्यात गेल्या आणि चौथ्या मिनिटाला पंखा थांबला, माझी तार थंड पडली. रत्नमालेनं धावत जाऊन गोधडी आणली आणि मला गुंडाळलं. मीही हट्टाला पेटलो. सहाच मिनिटं तर धरायचं होतं! नववं मिनिट लागलं आणि पारा एक रेघ खाली सरकला. एकच रेघ. तिनं नळ्या बाहेर काढल्या आणि सरळ टाकून दिल्या. एवढा जीव तोडून धरलं, आणि ही बया फेकून देते! दिवसभर मी फुगून होतो. पण दुसऱ्या दिवशी ती पहाटेची पहिली बस धरून, वीज असताना आली आणि तोच प्रयोग पुन्हा मांडला, तेव्हा माझा राग गेला. तिला माझ्या मेहनतीचं कौतुक नव्हतं असं नाही. तिला बावन्न पाहिजे होतं.

असे चौसष्ट प्रयोग झाले. खऱ्या बावन्न अंशांत, आधी कोमट न केलेल्या यीस्टमधली शंभरात एकही वाचली नाही. कोमट केलेल्या वाचल्या नऊ. साठ नाहीत, नऊ. पण त्या नऊ खऱ्या होत्या, आणि साखर मोजली तर कोमट केलेल्या यीस्टमध्ये ती न केलेलीच्या चौपट भरली. मे संपता संपता तिनं शेवटची बशी उजेडाकडे धरली, ठिपके मोजले, पुन्हा मोजले आणि मॅडमना बोलवायला धावत गेली. मॅडमनी स्वतः मोजले. मग दोघी माझ्या शेजारच्या टेबलाला टेकून उभ्या राहिल्या.

जून संपायच्या आत प्रबंध गेला. त्यात जिथं यंत्रांची माहिती लिहितात, तिथं तिनं माझ्या तीन अंशांची चूक कबूल केली आणि ती कुणी शोधली हेही लिहिलं: श्री. जागेश्वर, प्रयोगशाळा परिचर. भाऊंना बोलावून तिनं ते पान वाचून दाखवलं. भाऊ म्हणाले, एवढ्याशा गोष्टीले काहून लिहिलं? आणि पान मागून घेऊन खिडकीपाशी जाऊन स्वतः वाचत बसले.

आता शेजारी नवा वॉटर बाथ आला आहे. त्याच्या तोंडावर हिरवे आकडे चमकतात, दशांशासकट. तुम्ही सगळे त्याच्यावर भाळता. भाळा. पण मुलांनो, माझं एक ऐका. आम्हा यंत्रांना पुसा, आमचं पाणी बदला, आम्हाला गंजू देऊ नका, हे तर हवंच. पण तेवढ्यानं आम्ही खरं बोलू लागत नाही. आमच्या तोंडावर काय लिहिलंय ते वाचून थांबू नका. पाण्यात थर्मामीटर घाला. आणि आम्हाला रोज पुसणारं माणूस दाराशी उभं असेल, तर त्याला आधी विचारा.