वजन अठ्ठावन्न

"काका, हा माणूस वर्षभर अठ्ठावन्न किलोच कसा?" डॉक्टर अनुजांनी स्क्रीन जोतीरामांकडे वळवली. "तिकडून विचारणा आलीय."

तिकडून म्हणजे परदेशातून. बुरशी ज्यांच्या नाकाडोळ्यांत, फुप्फुसांत खोल शिरते अशा रोग्यांची एक जागतिक नोंदवही तिकडे ठेवतात. कोणत्या औषधावर कोण किती जगलं, हे सगळ्या देशांतून तिच्यात भरलं जातं. कोल्हापुरातल्या या हॉस्पिटलची माहिती भरायचं काम जोतीराम चौगुल्यांकडे होतं. रेकॉर्ड रूममधून निवृत्त झाले तरी कामाचे चोख म्हणून त्यांना ठेवून घेतलं होतं. दर तीन महिन्यांनी फोन लावायचा, ठरलेले प्रश्न विचारायचे आणि खुणा करायच्या. शंभरावर लोकांना तेच ते विचारून ते पार शिणले होते. आपण काय विचारतोय हे हल्ली त्यांना ऐकूही येत नसे.

"गोळ्या दीड महिन्यात थांबल्या, तरी हा पिराजी कामावर रुजू, असं लिहिलंय तुम्ही," डॉक्टर म्हणाल्या. "हे वाचून कुठं कुणी आपल्या पेशंटच्या गोळ्या लवकर थांबवल्या तर? तुम्ही स्वतः बोललात ना त्याच्याशी?"

चारही वेळा जोतीरामांचं बोलणं झालं होतं ते पिराजीच्या बायकोशी, यल्लव्वाशी. बरं हाय, जेवत्यात, गोळ्या दीड म्हैन्यातच थांबल्या, वजन अठ्ठावन्न. मागून यंत्रमागांचा खडखडाट यायचा. इचलकरंजीत दिवसा फोन बायकोनं उचलला तर नवरा पाळीवर गेलाय, हे कुणी सांगावं लागत नाही. म्हणून 'कामावर रुजू'ची खूण त्यांनी आपल्याच मनानं केली होती. खरं तर एक डोळा काढलेला माणूस पुन्हा मागावर उभा राहिला, याचं त्यांना फार बरं वाटलं होतं. वर्षभरात बरं वाटावं असं दुसरं काही त्या यादीत नव्हतंच.

"जाऊन बघून येतो," ते म्हणाले.

दुसऱ्या दिवशी दुपारी एसटीतून उतरून, विचारत विचारत, दुखरे गुडघे ओढत ते पिराजीच्या गल्लीत पोचले. दोन्ही बाजूंना मागांच्या शेड होत्या. मधल्या एका खोलीत यल्लव्वा कांड्यांवर सूत भरत बसली होती. भिंतीवर पिराजीचा फोटो होता आणि त्याला हार होता. फोटोत त्याचे दोन्ही डोळे शाबूत होते.

जोतीराम उंबऱ्यातच थांबले.

"आवाजावरनं वळखलं," ती म्हणाली. "दवाखान्याचं न्हवं तुमी? बसा की."

"वैनी, कधी झालं हे?"

"तुमचा पैला फोन आला, त्याच्या आदल्या दिशी बारावं झालतं." तिनं कांड्या भरायचं यंत्र बंद केलं. शेजारचे माग चालूच होते, त्यामुळे दोघांनाही मोठ्यानं बोलावं लागत होतं. "पावणं समदं गेलतं. घरात मी एकली. आनि तुमी इचारलासा, जेवत्यात का? बारा दिस समदी मलाच इचारत हुती, कसं झालं, कवा झालं. जेवत्यात का म्हनून कोन इचारनार? माज्या त्वांडातनं व्हय गेलं."

"आणि पुढच्या वेळी?"

"मग न्हाय म्हनवंना. वजन दवाखान्याच्या कागदावरलंच सांगायचं. तीन म्हैन्यानं त्यांचं नाव घिऊन तुमीच तेवढं इचारायचासा." तिनं पदर डोळ्याला लावला. "माजं चुकलं, सायेब."

जोतीरामांना स्वतःचाच राग आला. एकदा तरी त्याला फोनवर द्या म्हणायला हवं होतं. 'संपर्क तुटला' अशी एक खूण त्या अर्जात असते. ती केली तर कुणाचीच चूक दिसत नाही. काही भलतंच निघालं तर तीच करावी, असा विचार ते एसटीत वाटभर करत आले होते.

"तुमचं नाही, माझं चुकलं," ते म्हणाले. "तसंच लिहिणार आहे. पण गेले म्हणून लिहावं लागेल, वैनी."

"मंग फोन बंद हुनार?"

"होय."

ती त्यांच्यापुढं पाण्याचा तांब्या ठेवून समोर नीट बसली.

"मंग एकडाव समदं इचारा. आता खरं सांगतो मी."

त्यांनी पिशवीतून अर्ज काढला. पाठ असलेले प्रश्न त्या दिवशी ते एकेक वाचून विचारत होते.

"जेवण जात होतं?"

"पेज. ती बी निम्मी भाईर यायची."

"गोळ्या?"

"गिळंनात. दीड म्हैन्यानं त्यांनीच न्हाय म्हटलं."

"डोळ्याच्या जागी दुखत होतं?"

"लई. पर वरडत न्हवतं. शेजारी पाळीची मानसं झोपत्यात म्हनायचं."

जोतीराम लिहीत गेले. शेवटचा रकाना आला.

"वजन?"

यल्लव्वानं फोटोकडं पाहिलं.

"काट्यावर कोन घालतंय, सायेब? खांद्याला चौघं हुतं. माजा भाऊ मागनं म्हनला, आक्का, दोघांनाबी पेललं असतं."

त्या चौकटीत फक्त आकडा चालत होता. जोतीरामांनी ती मोकळी सोडली आणि खाली सही केली.